पतंगाला सातबारा कळत नाही

दरवर्षी ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह आला की तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेतून फोन येतो, सर पोरांना जरा मार्गदर्शन करा, विषय ठरलेला, निसर्ग आपला गुरू. मी हो म्हणतो, कारण पोरं चांगली असतात आणि कार्यक्रमानंतर तर्री-पोहे असतात. पण विषय ऐकून पोटात गोळा येतोच. टिपेश्वरच्या जंगलाच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात माझी अर्धी जिंदगी किडे, पाखरं आणि वानरं पाहण्यात गेली आणि मी जे पाहिलंय ते खरोखर गुरूची शिकवण म्हणून पोरांपुढे मांडलं तर हेडमास्तर मधेच माईक बंद करतील.

आता कुंभारीणच घ्या. तुमच्याही घरात असेल, देव्हाऱ्याच्या वर नाहीतर मीटरच्या डब्यात मातीचं इवलंसं मडकं करून ठेवते ती बारीक कमरेची माशी. जबड्यात चिखलाची गोळी धरून आणते, फेऱ्यावर फेऱ्या, आणि शेवटी त्या मडक्याला असा काठ काढते की पाहत राहावं. मग आत बारीक धाग्याला एक अंडं टांगते. मग शेतातून हिरव्या अळ्या धरून आणते, त्यांना डंख मारते पण जीव घेत नाही, फक्त लुळ्या करते, कारण मेलेली अळी सडेल आणि तिच्या पिल्लाला तर ताजं पाहिजे. अळ्या कोंबून झाल्या की तोंड लिंपून टाकते आणि निघून जाते. पुढे काय होतं ते तिला माहीत नाही, पाहायला ती थांबत नाही. आमच्या शाळेच्या स्विचबोर्डवरचं असं एक ताजं मडकं मी टेस्टरच्या टोकानं हळूच फोडलं होतं, आत चार अळ्या, एकमेकींवर दाबून बसवलेल्या, आणि त्यातल्या एकीला काडी लावली तर तिचं शेपटाकडचं टोक हललं. जिवंत होती. तिच्या अंगाला चिकटून माशीचं पिवळसर पिल्लू बसलं होतं आणि ते खात होतं.

आता गंमत अशी की आमच्याकडे हरिनाम सप्ताहात कीर्तनकार हीच कुंभारीण सांगतात आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आणतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात ही आहे. भिंतीवरच्या घरात कोंडलेली अळी भीतीपोटी माशीचंच ध्यान करत राहते आणि ध्यान करता करता तीच माशी होऊन बाहेर पडते, तसा भक्तही देवाचं ध्यान करता करता देवरूप होतो. ऐकायला फार सुंदर आहे आणि खरं सांगू का, ज्यानं कोणी हे पहिल्यांदा सांगितलं त्याची नजर पक्की होती. आत अळी गेली हे त्यानं पाहिलं, बाहेर माशी आली हेही पाहिलं, मधलं मडकं फक्त फोडून पाहिलं नाही. फोडलं असतं तर दृष्टांतच गेला असता.

डार्विनला असंच काहीसं खुपलं होतं. 1860 मध्ये त्यानं अमेरिकेतल्या आसा ग्रे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं, त्यात त्याचं म्हणणं असं होतं की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं जिवंत अळ्यांच्या शरीरात राहून त्यांना खाणाऱ्या माश्या मुद्दाम घडवल्या असतील हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणजे बघा, एकाच तऱ्हेचा कारभार, एकाला त्यात मोक्ष दिसला आणि दुसऱ्याची देवावरची श्रद्धा डळमळली. मला दोन्ही दिसत नाही. मला एक आई दिसते जी आपल्या पोराच्या जेवणाची सोय करून गेली, आणि एक अळी दिसते जिची काहीच चूक नव्हती. यातून पोरांनी काय शिकावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बरं, निसर्ग गुरू म्हणणारे परवडले. दुसरी जमात जास्त वाईट. मटणाच्या पंगतीत नाहीतर पतसंस्थेच्या पायरीवर बसून सांगणारी, की मास्तर, जंगलाचा कायदाच आहे, बळी तो कान पिळी, तुमचा डार्विनच म्हणून गेला. डार्विन असं म्हणून गेला नाही. लायक तोच टिकतो ही शब्दरचनाच मुळात हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या इंग्रज विचारवंताची, 1864 ची, डार्विननं ती पुढे उसनी घेतली आणि त्याच्या लेखी लायक म्हणजे दांडगट असा अर्थ कधीच नव्हता, त्या त्या जागी ज्याची पोरंबाळं जास्त टिकतात तो लायक, मग तो दगडाखाली दबून बसणारा विंचू का असेना. डार्विनचा मोठा समर्थक हक्सले, त्यानं 1893 मध्ये ऑक्सफर्डला भाषण दिलं, त्यात तर त्यानं उलटंच सांगितलं की माणसाची नीती म्हणजे निसर्गाच्या प्रक्रियेची नक्कल नव्हे, तिच्याशी झुंज आहे. मला हक्सलेचं ऐकायला आवडतं, मर्दानी वाटतं, पण पूर्ण पटत नाही. झुंजायचं बळ तरी कुठून आणलं मग आपण? आकाशातून तर पडलं नाही.

ते कुठून आलं असेल याचा मला पहिला अंदाज वानरांकडे पाहून आला. पुस्तकं मग वाचली.

आमच्या गावात मारुतीच्या पाराजवळ वानरांचा एक कळप असतो. एक हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्लं. शनिवारी लोक चणे, केळं घालतात. नवीन पिल्लू जन्मलं की काळपट असतं, कान मोठे, आणि पहिल्याच दिवसापासून ते या हातातून त्या हातात फिरतं, आई एका फांदीवर बसून आरामात चिंचेचा पाला खाते आणि पोर मावशीकडे, मावशीकडून दुसऱ्या तरण्या मादीकडे, तिला काही धरता येत नाही, उलटं धरते, पोर किंचाळतं, मग तिसरी हिसकावून घेते. एखाद्या वाड्यातल्या बाळंतिणीची खोली असावी असा गोंधळ चालू असतो. मग एके वर्षी बाहेरचा नवा हुप्प्या आला, जुन्याला हाकललं, आणि पंधरवड्यात त्यानं अंगावर पिणारी पिल्लं धरून धरून चावून टाकली. लोकं हादरले. पागल झालं म्हणाले, कोणीतरी शांती करायचं काढलं, एका म्हातारीनं त्याला चणे टाकणंच बंद केलं आणि तिचं मला कौतुक वाटलं, कारण मारुतीचं रूप असलं म्हणून काय झालं.

तो पागल नव्हता. युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकानं 1962 मध्ये आपल्या शेजारच्या धारवाडला वानरांमध्ये नेमकं हेच पाहून नोंदवलं होतं. तेव्हा बऱ्याच लोकांनी ते गर्दीमुळे झालेलं विकृत वागणं म्हणून सोडून दिलं. पुढे सारा ब्लॅफर हर्डी नावाची अमेरिकन बाई अबूच्या पहाडात वानरांमागे हिंडली, तिनं 1977 मध्ये हिशोब मांडला. अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, नव्या हुप्प्याची गादी थोड्या दिवसांची, उद्या त्याच्याहून दांडगा येणारच, तेवढ्यात ज्याची स्वतःची पिल्लं होतील त्याचाच वंश पुढे जातो, आणि मग त्याचं हे वागणंही त्याच्या वंशासोबत पुढे जातं. कोणी ठरवून केलेलं नाही. हुप्प्याला यातलं काही कळत नाही. पण तिनं आणखी एक गोष्ट पाहिली जी लोक सांगायला विसरतात, ती म्हणजे पिल्लाला वाचवायला म्हाताऱ्या माद्या त्या हुप्प्याच्या अंगावर जात होत्या, ज्यांचं स्वतःचं पिल्लं होण्याचं वय सरलेलं. पिल्लू कोणाचं, नातीचं असेल, भाचीचं असेल, त्या दात विचकून मधे पडत होत्या.

म्हणजे पिल्लं मारणारा आणि पिल्लासाठी जीव धोक्यात घालणारी एकाच कळपात, एकाच कारखान्यातून निघालेली. हे मी जेव्हा नीट समजून घेतलं तेव्हा निसर्ग क्रूर की दयाळू हा वादच माझ्यापुरता संपला, त्या प्रश्नाला काही बूडच नाही.

हर्डीबाईंनी नंतर, 2009 मध्ये, माणसाबद्दल जे मांडलं ते मला जास्त जवळचं वाटतं, कारण ते मी दर हंगामात शेतात पाहतो. चिंपांझीची आई आपलं पिल्लू महिनोन्‌महिने कोणाच्या हातात देत नाही. माणसाची आई देते, तिला द्यावंच लागतं, आपलं पोर इतकं लाचार जन्मतं आणि इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतं की एकट्या आईच्यानं ते होतच नाही, आजी पाहिजे, मावशी पाहिजे, शेजारीण पाहिजे. आणि लाखो वर्षं जी पोरं दुसऱ्यांचे चेहरे वाचू शकली, कोण घेईल, कोण खाऊ घालेल हे ओळखू शकली, ती जगली. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायची आपली खोड तिथून वाढली असं त्यांचं म्हणणं.

कापसाची वेचणी चालू असते तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या असतात. खाली एखादी आठ-नऊ वर्षांची पोरगी शाळा बुडवून दोरी ओढत बसलेली (शिक्षक म्हणून मला ते बोचतं, तो विषय वेगळा). एकदा मी पाखरांच्या नादात तिथेच बसलो होतो आणि एक पोरगं रडायला लागलं, आई पार दुसऱ्या टोकाच्या तासात, हाक ऐकू जाईना. जवळची दुसरी एक बाई आली, कमरेची ओटी सोडली, कापूस तसाच गोणपाटावर ओतला, पोराला घेतलं आणि पदराखाली घेऊन पाजलं. तिचं स्वतःचं बाजूच्या झोळीत झोपलेलं. नात्यातली नव्हती, गल्लीतलीही नव्हती, जातीतली तर नव्हतीच, गावात तिच्या हातचं पाणी कोण पितं आणि कोण नाही ते मला माहीत आहे. पोरगं पिऊन झोपलं, ती ओटी बांधून परत तासात. आणि संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना याच दोघी बाया दीड किलोवरून अशा भांडल्या की मालकाला मधे पडावं लागलं, एकमेकींच्या माहेरापर्यंत गेल्या. मला कोणी माणसाचा स्वभाव काय असं विचारलं तर मी हा दिवस सांगतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळा.

सातभाईंचं पण थोडं सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मातकट रंगाची ही पाखरं सतत टोळीनं फिरतात, सतत कचकच, एक उंचावर बसून पहारा देतं, बाकीची पाचोळा उलटतात, एकाच्या घरट्यातल्या पिल्लांना सगळी मिळून चारतात. साप दिसला तर सगळी एकत्र तुटून पडतात. हे प्रेम रक्ताचं असतं असं 1964 मध्ये हॅमिल्टन नावाच्या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं, म्हणजे नातेवाईकांतही आपलेच गुण वाहतात, त्यांना जगवलं तरी आपलं चालतं. त्याच्याआधीचे जीवशास्त्रज्ञ हाल्डेन, जे 1957 मध्ये भारतात राहायला आले, इथलेच नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, त्यांच्या नावावर एक विनोद सांगतात की मी दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी जीव देईन. पण मग रक्त ओळखायचं कसं? सातभाईंना ओळखता येत नाही. त्यांच्या घरट्यात पावशा अंडं घालून जातो, हो तोच, मिरगाच्या तोंडावर पेरते व्हा, पेरते व्हा म्हणून आपल्याला कामाला लावणारा, आणि कवींचा लाडका चातकही तेच करतो. सातभाईंची अख्खी टोळी त्यांच्याहून मोठ्या झालेल्या परक्या पिल्लाच्या तोंडात नाकतोडे कोंबत असते. त्यांचा नियम साधा आहे, आपल्या घरट्यात जो तोंड वासतो तो आपला. फसतो हा नियम. पण माणसाच्या बाईनं दुसरीचं पोर पाजलं तेव्हा तिच्यातही असलंच काहीतरी हललं असणार आणि तिथे ते फसलं असं मी म्हणणार नाही.

इथपर्यंत मी खुशीत असतो. दया आपल्यात आहे, जुनी आहे, बाहेरून चिकटवलेली नाही. पण ती डोळ्यापुढच्याला पाहून उठते. तोंड वासलेलं दिसलं पाहिजे. आणि जिथे समोर कोणी दिसतच नाही तिथे आपलं काय होतं ते मला कापसानं दाखवलं.

बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. एका जिवाणूचं जनुक झाडात घातलेलं, बोंडअळीनं पान नाहीतर बोंड खाल्लं की आतड्यात जाऊन ते प्रथिन तिला मारतं. सुरुवातीची वर्षं लोकं खूश होते, फवारे कमी झाले. पाकिटासोबत एक छोटं पाकीट फुकट यायचं, 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगरबीटी. नियम असा की शेताच्या कडेनं पाच ओळी किंवा वीस टक्के, जे जास्त असेल तेवढं साधं बियाणं लावायचं. आमच्याकडे त्याला रेफ्युजी म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी धुऱ्यावर फेकलं जायचं. मी आमच्या शेजारच्या आबाजींना विचारलं होतं, का नाही लावत. ते म्हणाले, "मास्तर, म्या व्याजानं पैशे काढून बियानं आनलं, अन् पाच ओई कायच्या पेरू? अळीले पोरासकट जेवाले घालाले? तुमाले पटते काय हे?"

पटत नाही, हेच तर आहे. डोक्यात घालायला अवघड गोष्ट आहे ती. लाखो अळ्यांत एखादीच अशी असते की तिला बीटी पचतं. नुसतं बीटी लावलं तर तेवढ्याच जगणार, त्यांचेच पतंग होणार, त्यांचंच एकमेकांशी जमणार आणि त्यांची सगळी पोरं बीटी पचवणारी निघणार. पण शेजारी साध्या कापसाच्या ओळी असल्या तर तिथून साधे पतंग भरपूर उडतात, त्या एकट्यादुकट्या पचवणाऱ्याचं जोडीदार बहुतेक साधंच निघतं आणि त्यांची पोरं बीटीवर मरतात. म्हणजे चार अळ्यांना आज जेवू घातलं तर औषध दहा वर्षं जास्त चालतं. हिरव्या बोंडअळीचं एक बरं, ती तूर खाते, हरभरा खाते, तिचे साधे भाऊबंद आपोआप शिल्लक राहतात. गुलाबी जवळजवळ फक्त कापूसच खाते. तिला दुसरं घरच नाही. आणि वर आम्ही फरदड घेतो, म्हणजे ओलित असलेला माणूस डिसेंबर झाला तरी पऱ्हाटी, कापसाची झाडं, उपटत नाही, मार्चपर्यंत उभी ठेवतो, म्हणजे अळीची बाराही महिने सोय.

आता यात प्रत्येक जण असा विचार करतो की बाकीच्यांनी लावल्या तर माझ्या न लावल्यानं काय बिघडतं, आणि बाकीच्यांनी नाही लावल्या तर माझ्या एकट्याच्या लावल्यानं काय होतं. दोन्हीकडून उत्तर एकच येतं. पतंगाला सातबारा कळत नाही, तो धुरा ओलांडून जातो. आबाजी माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, शेजाऱ्याचा बैल विहिरीत पडला तेव्हा सत्तरीत दोर धरून उतरले होते. त्याच शेजाऱ्याच्या तीन वर्षांनंतरच्या पिकासाठी पाच ओळी सोडा म्हटलं तर त्यांना ती थट्टा वाटते. बैल हंबरत होता. तीन वर्षांनंतरचं पीक हंबरत नाही.

2010 मध्ये गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देईना असं जाहीर झालं, 2015 च्या आसपास दुसऱ्यालाही, आणि 2017 मध्ये आमच्याकडे काय झालं ते इथल्या पोरालाही पाठ आहे. बोंड बाहेरून ठणठणीत. मी आबाजींच्या शेतात चाकूनं चिरून पाहिलं, आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, त्या उकलल्या तर मधे गुलाबी अळी वळून बसलेली, रुईच्या जागी पिवळी कवडी. फुलं उमललीच नव्हती, मिटून गुलाबासारखी झालेली, डोमकळ्या. त्याच वर्षी जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. उत्क्रांती म्हणजे डायनासोर आणि माकडाचा माणूस असं जे पोरांना वाटतं ना, त्यांना मी आता डोमकळी दाखवतो. पंधरा वर्षांत झाली, तुमच्या बापाच्या शेतात झाली.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी हीच गुलाबी अळी याच बीटीनं थोपवून धरली, साध्या ओळी लावल्या, पुढे वांझ पतंग विमानातून सोडले, आणि 2018 मध्ये त्यांच्या कृषी खात्यानं अळी देशातून गेली असं जाहीर केलं. तिथला शेतकरी काही संत नाही हो. जमिनी मोठ्या, शेकडो एकरांतले वीस टक्के सोडणं आणि चार एकरांतले वीस टक्के सोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, शिवाय कोणी लावल्या कोणी नाही हे तपासणारं कोणीतरी होतं. आमच्याकडे छोटं पाकीट देऊन कंपनी मोकळी, नियम करून सरकार मोकळं, आणि नंतर सगळे मिळून म्हणाले शेतकऱ्याला कळत नाही. या बोलण्याची मला चीड येते.

डार्विननं 1871 मध्ये माणसाच्या वंशाबद्दलच्या पुस्तकात लिहिलंय की टोळ्या एकत्र होऊन मोठे समाज झाले की साध्या विचारानंच माणसाला कळायला पाहिजे की आपली सहानुभूती न पाहिलेल्या देशबांधवांपर्यंतही न्यायची आहे, मग सगळ्या देशांच्या माणसांपर्यंत, आणि शेवटी प्राण्यांपर्यंत. साध्या विचारानं म्हणे! पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलाला कानात सांगतात, दुसऱ्या दिवशी खरंच माणसाआधी बैल जेवतो. त्याच घरचा माणूस रोह्यानं, म्हणजे नीलगायीनं, आणि डुकरानं पीक लोळवलं म्हणून धुऱ्यावर तार टाकून थेट खांबावरून करंट सोडतो आणि त्या तारेवर कधी वाघ मरतो, कधी शेजारचं पोरगं. बैल आत, रोही बाहेर. ही रेष कोणी आखली असं विचाराल तर कोणीच नाही, रात्रभर जागल करून करून ती पडली.

आणि रेष फक्त खेड्यातलाच माणूस आखतो असं नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री आमच्या राळेगाव भागात टी-1 वाघिणीला गोळी घातली, तेरा माणसं मारल्याचा ठपका होता तिच्यावर, दोन बछडी मागे होती. शहरांत लोक रस्त्यावर आले, मेणबत्त्या लागल्या, इकडे गावांत फटाके फुटले. मला दोन्हीकडून फोन आले, तुम्ही तर निसर्गवाले, तुम्ही कोणाच्या बाजूनं. ज्यांना बछड्यांचा फोटो दिसला त्यांना बछडी आपली वाटली. ज्यांनी गुराख्याचं अर्धं शरीर उचलून आणलं त्यांना तो. दोघांचंही रडणं खरं होतं, पण मेणबत्ती लावणाऱ्यांपैकी कोणाला त्या तेरांतल्या एकाचं नाव सांगता आलं असतं का, ही शंका माझ्या मनातून अजून जात नाही.

मग रेष सरकते ती कशी. वरोऱ्याची गोष्ट विदर्भात सगळ्यांनी ऐकलेली आहे, तरी सांगतो. बाबा आमटे तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष, भंगीकाम स्वतः करून पाहिलेले, भीती कशाचीच नाही अशी ख्याती, आणि पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटं झडलेला, किडे पडलेला महारोगी पाहून ते पळाले. सरळ पळाले. घिन ही फार जुनी राखणदार आहे, सडलेल्यापासून, रोगापासून लांब ठेवून तिनं आपल्या पूर्वजांना वाचवलंय, ती विचार करायला थांबत नाही, आणि महारोग सहजासहजी लागत नाही हे तिला माहीत नसतं. लोक गोष्टीतलं परत येणं सांगतात. मला पळणं जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांनी ते स्वतः सांगितलं आणि त्या पळण्यानं त्यांना झोप लागू दिली नाही. परत आले, त्याला आडोसा केला, पुढे 1949 मध्ये आनंदवन. पण आनंदवन काही एका माणसाच्या कळवळ्यावर चाललेलं नाही, तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग बसवले, रोग्याला काम दिलं. कळवळा दुसऱ्या दिवशी ओसरतो. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या गोंड लोकांनी 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू कधी, किती तोडायचा हे अख्खी ग्रामसभा बसून ठरवते, एकाचाही विरोध असला तर निर्णय होत नाही, पुन्हा बसतात. तिथली माणसं आमच्याहून जास्त भली आहेत असं मला वाटत नाही. ती जास्त वेळ बसतात.

आम्ही पण बसायला लागलोय. बियाणं आता पाकिटातच मिसळून येतं त्यामुळे ओळींचा वाद मिटला, राहिली फरदड. मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली, ठरवायचं एवढंच की जानेवारी लागायच्या आत गावातली सगळी पऱ्हाटी उपटायची, एकही शेत उभं ठेवायचं नाही. कोरडवाहूवाले पटकन हो म्हणाले, त्यांचं तसंही संपलेलं असतं. ओलितवाला एक जण उठला, त्याच्या पोरीची नर्सिंगची फी फरदडीच्या कापसातून जाते. सगळे गप्प. मी उठून पतंगांचं आयुष्यचक्र सांगायला लागलो तर आबाजींनी हात धरून बसवलं. "मास्तर, थे त्याले समजते. त्याची पऱ्हाटी आपन समदे मिळून उपटू, अर्ध्या दिसाचं काम हाये. पन त्याच्या चार क्विंटलचे पैशे कोन देते, थे पयले बोला."

मग बोलणं पैशावर आलं. ज्यांच्याकडे ओलित नाही त्यांनी एकरामागे काही टाकायचं आणि ज्यांची फरदड बुडते त्यांना वाटून द्यायचं अशी कल्पना निघाली. कोणी म्हणालं ठेक्यानं केलेल्यानं का द्यायचं, मालकानं द्यावं. कोणी म्हणालं शेजारचं गाव उपटत नसेल तर आपण कायले मरायचं, आणि ही शंका बरोबरच आहे. त्या गावच्या सरपंचाला निरोप गेलाय. तूर्त आमचं एकरी शंभर की दीडशे यावर अडलंय.